चाळीस नंबरचा ठणठणीत माणूस

“थांबलं! मेल्याला आजच थांबायचं होतं!”

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ओरडली आणि नेमका त्याच वेळी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर घडीची शिडी, चेहऱ्यावर गोंधळ.

“मला म्हणालात?”

“तुम्हाला कशाला म्हणू? घड्याळाला म्हणाले.”

“मग हरकत नाही. मी त्याच्याचसाठी आलोय. तुमच्या मोठ्या मॅडमनी बोलावलं होतं.”

तिला बोलायला सवड नव्हती. तिच्यासमोर छोट्या छोट्या खळग्यांची एक प्लॅस्टिकची प्लेट होती. प्रत्येक खळग्यात कुणाच्या ना कुणाच्या रक्ताचा थेंबभर अंश, आणि त्यावर नुकतंच ओतलेलं औषध. ते बरोबर तीस मिनिटं राहू द्यायचं. मिनिट इकडेतिकडे झालं की अख्खी प्लेट फुकट, आणि एका प्लेटची तयारी म्हणजे दोन दिवस. मिनिटं मोजायचा टायमर मागच्याच महिन्यात सिंकमध्ये पडून वारला होता. मोबाइल आत आणायला बंदी. मनगटावरचं घड्याळ वडिलांची आठवण म्हणून घातलेलं, आणि ते तर चार वर्षांपासून बंद.

“अकरा सहाला ओतलंय मी,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “आणि हे अकरा नऊवर अडकलंय. आता कधी अडकलं कुणास ठाऊक!”

“मला ठाऊक आहे ना,” तो म्हणाला. “मी दारात आलो तेव्हा सेकंदकाटा चालू होता. माझ्यादेखत थांबला. त्याला...” त्याने स्वतःचं मनगट वर केलं, “...चाळीस सेकंदं झाली. म्हणजे तुमची तीन मिनिटं चाळीस सेकंदं गेली. पुढची मी मोजतो. तुम्ही काळजी सोडा.”

आणि खरोखरच तो शिडीला टेकून उभा राहिला नि मिनिटं मोजू लागला. “पाच... सहा...” मध्येच तिच्याकडे बघायचा, मध्येच घड्याळाकडे. तिने एकदा चोरून बघितलं, तेव्हा तो घड्याळाकडे बघत नव्हता.

“अहो, मोजताय ना?”

“अकरा मिनिटं वीस सेकंदं. डोळे कुठेही असोत, कान घड्याळावरच असतात आमचे.” मग जरा थांबून, “तुम्ही काय शिजवताय एवढं, मॅडम?”

“मॅडम आत बसतात. मी नुसती टेक्निशियन.”

“बरं. काय शिजवताय, टेक्निशियनबाई?”

आता अशा प्रश्नाला एरवी तिने “काही नाही” म्हणून वाटेला लावलं असतं. पण वेळ होता, आणि माणूस ऐकणारा होता. तिने सांगितलं, की आपण खातो त्यातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व एकट्याने रक्तात जात नाही. पोटातलं एक प्रथिन त्याचं बोट धरून त्याला आत नेतं. काही माणसांचं शरीर काय करतं, तर त्या बोट धरणाऱ्यालाच शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मग कितीही चांगलंचुंगलं खा, जीवनसत्त्व दारातच राहतं. माणूस फिकट पडतो, थकतो, हातापायांना मुंग्या येतात. पर्निशियस अॅनिमिया म्हणतात त्याला. त्या अँटिबॉडी शोधायची एक जुनी तपासणी आणि एक नवी. दोघींपैकी खरं कोण बोलतं, ते ती बघत होती.

“आणि... वेळेत सापडलं नाही तर?”

“तर मुंग्या जातात, पण बरोबर बोटांची जाणीवही घेऊन जातात. कायमची.”

त्याची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. एक मिनिट मोठ्याने मोजायचंसुद्धा राहून गेलं.

“तीस!” तो एकदम ओरडला. तिने धावत जाऊन प्लेट उचलली. काही खळगे हळूहळू पिवळे होत गेले, म्हणजे तिथे अँटिबॉडी होत्या; काही तसेच पाण्यासारखे राहिले. प्लेट वाचली होती. त्या आनंदात तिने त्याच्याकडे बघून असं काही हसून दाखवलं, की मोठ्या मॅडमनी बघितलं असतं तर चष्मा काढून पुन्हा लावला असता.

मग त्याने घड्याळ उतरवलं, उघडलं, साफ केलं. परत लावताना एक बारीकसा स्क्रू त्याच्या बोटांतून निसटला. दोघेही टेबलाखाली गुडघ्यांवर. ती डावीकडून, तो उजवीकडून, आणि मधोमध — टण्ण! कपाळावर कपाळ.

“स्क्रू सापडला,” ती कपाळ चोळत म्हणाली.

“माझा ढिला झाला,” तो म्हणाला. ती हसू दाबायला पाठमोरी झाली.

जाता जाता तिने त्याला थांबवलं. “ऐका ना... मला चाळीस निरोगी माणसांचं रक्त हवंय, तुलनेसाठी. शिपाईमामा, वॉचमन, कँटीनवाले धरून एकोणचाळीस झालीत. एक माणूस मिळत नाहीये. अगदी ठणठणीत हवा हं.”

तिचा तो सूरच असा होता, की एखाद्या मुडद्याने उठून “मी आहे की” म्हटलं असतं. त्याने फॉर्म घेतला. ‘हातापायांना मुंग्या, थकवा, इतर काही तक्रार?’ यापुढे त्याचं पेन क्षणभर अडलं. मग त्याने ‘नाही’वर खूण केली.

“दुखलं?” सुई काढताना तिने विचारलं.

“तुम्ही बोलत होता. कळलंच नाही.”

तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली. निरोगी, नंबर चाळीस.

*

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात गेली. कारण होतंच की, वडिलांचं बंद घड्याळ! चार वर्षं जे दुरुस्त करायचं सुचलं नव्हतं ते एका रात्रीत सुचलं, एवढंच.

दुकान म्हणजे एक लांबोडी खोली. पुढे काचेचं टेबल, त्यावर दिवा, भिंतीभर टिकटिक. मागच्या बाजूला खुर्चीत त्याचे वडील बसलेले. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. पन्नाशीतच त्यांचे हात कामातून गेले होते. चालतानाही भिंतीचा आधार लागायचा. जीभ मात्र शाबूत.

“परवा देतो,” घड्याळ हातात घेऊन तो म्हणाला.

परवा गेली, तर म्हणाला, “परवा नक्की.” त्या परव्याला म्हणाला, “एक चाक बदलावं लागेल, परवा या.” दर वेळी तो स्टूल पुसून पुढे करायचा. दर वेळी चहा. दर वेळी तो लोकांच्या घड्याळांच्या गोष्टी सांगायचा, आणि तिने हसून डोळे पुसले की चोरून खूश व्हायचा.

“कोण कुणाला खेळवतंय कळत नाही मला,” मागून अण्णा पुटपुटायचे. “माझ्या वेळी हे काम दोन तासांत व्हायचं.”

घरी आत्या होती. आईवडिलांमागे तिनेच हिला सांभाळलेलं. चौथ्या परव्याला आत्या दारातच म्हणाली, “काय गं, घड्याळ दुरुस्त होतंय की तू बिघडतेयस?”

“आत्या, काहीतरीच काय! चाक मिळत नाहीये त्याला.”

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? माणूस कसा आहे ते सांग.”

“...ठणठणीत आहे,” ती म्हणाली आणि कान लाल करून आत पळाली.

आणि तिला वाटायचं, हा मुद्दाम लांबवतोय. आपण यावं म्हणून. किती गोड वाटायचं ते तिला!

*

प्रयोगशाळेत मात्र एक खळगा तिची झोप उडवायला बसला होता.

जुन्या तपासणीचं मशीन म्हणत होतं, चाळीसच्या चाळीस निरोगी माणसं स्वच्छ. नव्या तपासणीचं किट म्हणत होतं, एकोणचाळीस स्वच्छ, आणि नंबर चाळीस... पिवळा. तिने पुन्हा लावलं. पुन्हा पिवळा. तिसऱ्यांदा लावलं. पिवळा.

मोठ्या मॅडमनी प्लेट उजेडात धरली. “एक तर किट चुकतंय, नाहीतर माणूस निरोगी नाही. जा, त्याला नीट विचारून ये. आणि नीट म्हणजे नीट.”

ती धावतच गेली. “खरं सांगा, तुम्हाला काही त्रास होतो का? मुंग्या? थकवा? तुमच्या रक्तात काहीतरी...”

त्याने हात टेबलाखाली घेतले. “मला? अहो, दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो मी. खणखणीत नाणं आहे. तुमचं किट नवशिकं असेल.”

“नक्की ना?”

“नक्की.”

आणि तिने विश्वास ठेवला. अगदी खरं सांगायचं तर तिला विश्वास ठेवायचाच होता. दुसरं कुणी असतं तर तिने खोदून खोदून विचारलं असतं, बोटं तपासली असती, डॉक्टरांकडे पिटाळलं असतं. पण हा आजारी नसावा, एवढंच तिचं मन घोकत होतं. तिने परत येऊन अहवालात लिहिलं : ‘नंबर चाळीस : नव्या किटची चूक.’ कुठली तपासणी ठेवायची ते ठरवायला शुक्रवारी बैठक होती. चुकणारं किट कोण घेतं? जुनं मशीनच पुढे चालू राहणार होतं.

*

गुरुवारी संध्याकाळी बारीक पाऊस भुरभुरत होता. ओढणी डोक्यावर धरून ती दुकानाच्या पायरीशी आली आणि थबकली. तो दिव्याखाली वाकला होता. डोळ्याला भिंग, चिमट्यात स्क्रू, समोर तिच्या वडिलांचं घड्याळ. स्क्रू पडला. त्याने उचलला. पुन्हा पडला. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले आणि कपाळ टेबलाला टेकवलं.

टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर लाल ठिपके होते. चार, पाच. एक मोठा.

“अहो, रक्त! बोटाला लागलंय तुमच्या!”

तो दचकला. दोन्ही हात उलटसुलट करून बघू लागला. “कुठे?”

चिमट्याचं टोक अंगठ्यात चांगलं खोल गेलं होतं. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. आणि हा विचारत होता, कुठे!

तिने त्याचा हात ओढून घेतला. रुमाल बांधला. मग केसातली पिन काढून तिचं टोक त्याच्या बोटांवर टेकवलं. “कळतंय?” त्याने नकारार्थी मान हलवली. “हे? ...आणि हे?”

“किती दिवसांपासून?” तिचा आवाज चिरकला.

“सहा-सात महिने.”

“म्हणजे फॉर्म भरला तेव्हा...”

“हो.”

“आणि परवा मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

“का?” ती इतक्या जोरात ओरडली, की भिंतीवरची टिकटिकसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. “मी विचारलं होतं तुम्हाला! दोनदा विचारलं! मी तिकडे लिहून बसलेय किट चुकलं म्हणून!”

“तुम्हाला ठणठणीत माणूस हवा होता,” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही असं काही मागितलंत, की... नाही म्हणवेना. आणि नंतर — नंतर कुठल्या तोंडाने सांगू? घड्याळजीचे हात गेलेत म्हटल्यावर दुकानात कोण येईल? तुम्ही तरी आला असतात?” त्याने मागे पाहिलं. “आमच्या घराण्यात हात जातातच. अण्णांचे गेले. आता माझे. नशिबापुढे काय तपासणार?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मीच शिकवलंय त्याला,” मागून अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता. “मीही असाच झाकत बसलो होतो, पोरी. झाकून झाकून मूठच राहिली नाही.”

ती रडत होती आणि रागावतही होती, आणि दोन्ही एकदम करताना नाकही पुसत होती. “नशीब नाही हो हे! जीवनसत्त्व आहे! सुईतून मिळतं! उद्या सकाळी नऊ वाजता तुम्ही दवाखान्यात आला नाहीत, तर मी... मी हे घड्याळ दुसरीकडे टाकेन!”

“घड्याळ नको,” तो घाईने म्हणाला. “येतो.”

*

शुक्रवारी बैठकीआधी ती मोठ्या मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि सगळं ओकून मोकळी झाली. फॉर्म खोटा आहे. किट खरं आहे. “आणि मी नीट विचारलं नाही, मॅडम. मला तो... मला तो आजारी नको होता.”

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

“म्हणजे आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होतो,” त्या म्हणाल्या. “दोष कागदाचा, आणि घराबाहेर निघालं होतं किट.” मग जरा मऊ होत, “पण एका माणसावरून किटही शहाणं ठरत नाही. तुझा घड्याळवाला असला तरी.”

“माझा कुठे...”

“बैठक मी पुढे ढकलते. ज्यांना मुंग्या आहेत, पण जुन्या मशीनने ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं, असे नमुने शीतकपाटात असतील. काढ. नव्या किटवर लाव.”

तिने अकरा नमुने काढले. चार पिवळे झाले. उत्तर किटच्या कागदपत्रांतच होतं. या अँटिबॉडी दोन प्रकारच्या असतात, आणि जुनं मशीन त्यातला एकच ओळखायचं. नवं किट दोन्ही ओळखायचं. चार माणसं इतके दिवस “तुम्हाला काही झालेलं नाही” हे ऐकून घरी बोटं चोळत बसली होती. त्या चौघांना त्याच आठवड्यात बोलावून घेतलं. नवं किट घ्यायचं ठरलं, आणि मॅडमनी खाली स्वतःच्या हाताने ओळ लिहिली, की किट ‘नाही’ म्हणालं तरी माणसाची तक्रार ऐकायची, कारण किटलाही सगळे सापडत नाहीत.

निरोगी गटातली चाळिसावी जागा रिकामी झाली होती. ती आत्याने भरली. “मला कसली तक्रार? भाची घड्याळ आणायला जाते नि घड्याळाशिवाय येते, एवढीच,” असं तिने फॉर्मवर खरंच लिहिलं.

त्याचं बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी तपासून शिक्कामोर्तब केलं. लाल रंगाच्या औषधाची सुई आधी रोजच्या रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला एक. जन्मभर. अण्णांचंही रक्त घेतलं, आणि त्यांचाही खळगा पिवळाधमक. इतक्या वर्षांचं नुकसान सगळं भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अण्णा म्हणाले, “अहो, चहा बशीत न सांडता पिता आला तरी मी तुमचा फोटो लावीन दुकानात.”

*

तीन महिने तिने घड्याळ मागितलं नाही. रोज संध्याकाळी जायची, स्टुलावर बसायची, केसातली पिन काढायची.

“कळतंय?”

“नाही.”

“बरं. उद्या बघू.”

असे कितीतरी ‘नाही’ झाले. काही दिवस तो चिडायचा, काही दिवस तीच घरी जाऊन उशीत तोंड खुपसायची. मग एका संध्याकाळी पिन टेकवताच तो जोरात ओरडला, “आई गं!”

“दुखलं?”

“अहो, केवढ्याने टोचताय!”

“दुखलं!” ती टाळ्या पिटत उभी राहिली. “अण्णा, यांना दुखलं!” आणि मागच्या खुर्चीतून अण्णांनी बशी खाली ठेवली, ती न सांडता, आणि डोळे पुसले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याने घड्याळ तिच्यासमोर ठेवलं. चालू. टिकटिक इतकी नाजूक, की कानाशी धरावी लागली. वडील हयात असताना ऐकलेला तोच आवाज... तिने ते कानाशी तसंच धरून ठेवलं.

“किती झाले?” तिने कसंबसं विचारलं.

“आधी झाकण उघडून बघा. आमच्यात रीत आहे. घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत बारीक अक्षरात आपली खूण कोरतो. कुणी, कधी, काय केलं ते. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून.”

त्याने मागचं झाकण काढून दिलं. भिंगही दिलं. तिने एक डोळा मिटून भिंग लावलं. आत एक जुनी, पुसट खूण होती.

“ही माझी,” अण्णा मागून म्हणाले. “बावीस वर्षांपूर्वीची. तुझे वडील आले होते, बाळ. भारी घाईचा माणूस. दोन तासांत दिलं होतं मी.”

आणि त्या खुणेखाली नव्या, चकचकीत रेघा. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, एकही रेघ हललेली नाही. आधी तारीख होती. मग लिहिलं होतं :

‘तक्रार आहे. तुझ्यावाचून करमत नाही.’

तिने वाचलं. भिंग पुसून पुन्हा वाचलं. काच धुक्याने भरली होती, म्हणजे तिलाच तसं वाटत होतं.

“फॉर्मवर खोटं लिहिलं होतं,” तो हळूच म्हणाला. त्याचे हात टेबलावर होते, उघडे, तिच्यासमोर. “म्हटलं, या वेळी खरं लिहावं. काही... काही उपाय आहे का यावर?”

“आहे,” ती भिंग न काढताच म्हणाली. “पण पूर्ण बरं होत नाही. जन्मभर चालू ठेवावं लागतं.”

“दर महिन्याला एक सुई?”

“हो. सिस्टरकडून दंडात सुई टोचायला शिकून घेतलंय मी. दुसऱ्या कुणाकडे गेलास तर बघ.”

ती ‘गेलास’ म्हणाली, हे तिच्या लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात आलं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटांवरून आपली बोटं सावकाश फिरवली.

“गार आहेत तुझी बोटं,” तो म्हणाला. “कळतंय मला.”

“आत्याला घेऊन ये रविवारी,” अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “आणि परवा-बिरवा चालायचं नाही. रविवार म्हणजे रविवार.”